तुळजाजी रावांचा कान

तुळजाजी रावांचा कान गेला आहे, हे चेन्नईत सगळ्यांत आधी मी जगाला सांगितलं. तेही भर रस्त्यात, ओरडून, आणि खरं काय ते मला स्वतःला माहीत नसताना. माझ्या तोंडाला लगाम नाही असं मिरजेत आई म्हणायची, पुढे बायको म्हणू लागली. दोघींचंही मी कधी मनावर घेतलं नाही.

रावांचं गाड्यांना स्टिरिओ बसवायचं दुकान पुदुपेटेत होतं. एग्मोर स्टेशनपासून जवळच, जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या गल्ल्यांत. दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं आणि समोरचा रस्ता. गाडी रस्त्यावरच लावायची आणि कामही तिथंच चालायचं. राव तंजावरच्या मराठी लोकांपैकी. घराणं पिढ्यानपिढ्या तिकडे मुरलेलं, म्हणून मराठी जुनं आणि त्यावर तमिळचा हेल. मी रेल्वेत, बदली होऊन आलेला. पहिल्या भेटीत त्यांचं "या, बसा, कापी घ्या" ऐकून मला हसू आलं. त्यांनाही माझं बोलणं विचित्रच वाटलं असणार. "तुम्हि लोकं भांडल्यासारखं बोलतांत," असं ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

पण त्यांचा कान! बाकड्यावर पेपर वाचत बसलेले असताना, रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सीकडे मान वर करूनही न बघता ते म्हणायचे, "डावीकडचा स्पीकर फाटला." मी एकदा सिग्नलला अडकलेल्या टॅक्सीमागे धावत जाऊन खात्री केली होती. फाटलेला होता. तेव्हापासून मी त्यांचा भक्त झालो आणि ऑफिसात, शेजारीपाजारी, दिसेल त्याला या कानाच्या गोष्टी सांगत सुटलो. लोक कंटाळायचे. मी थांबायचो नाही.

स्पीकरला दोन वायरी असतात, एक अधिक, एक उणे. चारातल्या एकाला जरी त्या उलट लागल्या, तरी बाकीचे हवा पुढे ढकलतात तेव्हा तो मागे ओढतो, आणि त्या भांडणात बेस मरतो. आवाज येतो, पण पोकळ येतो. असं होऊ नये म्हणून गल्लीतले बाकीचे फिटर खिशात एक पेन्सिल सेल ठेवायचे. वायरीला सेल टेकवायचा. स्पीकरचा पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. राव त्यांची टर उडवायचे. "सेल बहिऱ्यांसाठी. आम्हांस देवानं दोन कान दिलेत." ते स्वतः मागच्या सीटवर मधोमध बसायचे, डोळे मिटायचे, तविल, म्हणजे नादस्वरमच्या साथीचा तो तिकडचा ढोल, वाजत असलेली एखादी सीडी लावायचे आणि अर्ध्या मिनिटात निकाल द्यायचे.

माझी फियाट १९६३ची. एका निवृत्त साहेबांकडून घेतलेली, आणि बायकोच्या मते तिच्याहून लाडकी. डॅशबोर्डमध्ये मूळचा रेडिओ होता, त्यातून कधीतरी खरखर यायची आणि बहुधा तीही यायची नाही. २००७ साली मी ठरवलं की गाडीत सीडी हवी आणि चार चांगले स्पीकर हवेत. दोन दुकानांत विचारलं. दोघांनीही डॅशबोर्ड कापावा लागेल म्हणून सांगितलं. रावांनी डॅशबोर्डच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "कापलेला पत्रा परत येईना, सार. नक्को."

मग त्यांनी जे काम केलं ते बघत राहावं असं होतं. जुना रेडिओ जिथल्या तिथं ठेवला. सीडी प्लेयर सामानाच्या खणात असा बसवला की झाकण लावलं की दिसू नये. चार स्पीकरसाठी प्लायवूडच्या चार पेट्या केल्या, दोन पुढे पायांपाशी आणि दोन मागच्या सीटच्या दोन बाजूंना, आणि त्यांना सीटच्याच रंगाचं रेक्झीन लावलं. गाडीला एकही नवं भोक पाडलं नाही. तीन आठवडे मी रोज ऑफिस सुटलं की तिथं जाऊन उभा राहायचो. लुडबुड करायचो म्हणा.

काम संपलं त्या शनिवारी मी ऑफिसातल्या नारायणस्वामींना मुद्दाम बरोबर नेलं. त्यांच्याकडेही जुनी गाडी होती, आणि माझ्या तोंडून रावांचा कान ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. राव मागच्या सीटवर बसले, डोळे मिटले, नेहमीसारखी मान डोलावली. "बेश. अस्कि ठीक आहे." अस्कि म्हणजे सगळं. मी नारायणस्वामींना मोठ्या तोऱ्यात आत बसवलं. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि संकोचून म्हणाले, "दिनकर, यात तविल कुठे आहे?"

मी बसलो. तविल नव्हतंच. डब्यात खडे वाजावेत तसं काहीतरी वाजत होतं. आवाज पोकळ होता आणि वायर उलटी लागली होती हे मलासुद्धा कळलं. चारचौघांत माझं नाक कापलं गेलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी गाडीतून उतरून ओरडलो, "अहो, कान फुटलेत का तुमचे? शेंबड्या पोराला कळेल हे!"

बाकड्यावर दोन गिऱ्हाईकं बसली होती. समोरच्या दुकानातले फिटर हातातलं काम टाकून बघायला लागले.

रावांनी शर्टाच्या खिशातून एक पेन्सिल सेल काढला. त्याला दोन वायरी चिकटवलेल्या होत्या आणि वरची पट्टी वापरून वापरून काळी पडली होती. एकेक पेटी उघडून त्यांनी सेल टेकवला. उजवीकडच्या मागच्या पेटीत पडदा आत गेला. त्यांनी वायरी बदलल्या, पेटी बंद केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आतां बघा, सार. ठीक आहे का, तुम्हिच सांगा."

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मला मात्र वाटलं, बरी जिरली. मी फणकाऱ्यानं गाडी काढली.

त्या गल्लीत बातमी स्पीकरपेक्षा मोठ्यानं वाजते. राव ज्यांच्या सेलला हसत आले होते त्या सगळ्यांनी आता व्याजासकट परतफेड केली. तीन महिन्यांनी डायनामोची कुंई-कुंई स्पीकरमधून येऊ लागली म्हणून मी पुदुपेटेत गेलो, तर शटर बंद. शेजारच्यानं पत्ता दिला, तिरुवोट्टियूरचा. आणि आपल्या कानावर बोट ठेवून हात हलवला.

पुढच्या रविवारी गेलो. दार त्यांच्या मुलीनं, कीर्तनानं उघडलं. ती श्रीपेरुंबुदूरला मोबाईलच्या कारखान्यात होती, आठवडाभर पहाटे कंपनीच्या बसनं जायची. मी नाव सांगितलं. तिनं मला बसा म्हटलं नाही.

"अप्पाला दोन वर्षं झाली, ऐकू येत नाही," ती म्हणाली. तिचं मराठी अडखळत होतं. "थोडं थोडं करून गेलं. समोरच्याचे ओठ बघून समजून घेतो अप्पा. एवढ्या मोठ्या आवाजात रोज बसून असं होतं, डॉक्टर सांगितला. दोन वर्षं अस्कि गाड्या अप्पानं सेल लावून केल्या. कुणी बघत नसताना. एक चूक नाही."

"मग माझ्याच गाडीला का नाही लावला?"

"तुम्ही रोज शेजारी उभे होता ना. सगळ्यांना अप्पाच्या कानाची गोष्ट सांगत होता. तुमच्यासमोर सेल काढायला अप्पाला लाज वाटली."

मला वाटलं, तिनं एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ज्या कौतुकाचा मला एवढा अभिमान होता, त्यानंच त्यांचा हात धरून ठेवला होता. आणि हात चुकल्यावर ओरडलोही मीच.

तेवढ्यात राव बाहेर आले. खांदे उतरलेले, पण शर्ट इस्त्रीचा. मी त्यांच्या तोंडासमोर उभा राहिलो, म्हणजे त्यांना ओठ दिसतील, आणि म्हणालो, "राव, माझं चुकलं. मला माफ करा." त्यांना माझा आवाज ऐकू आला नसेल, पण डोळे दिसले असावेत.

"हुंदे," ते म्हणाले. त्यांच्या मराठीत हुंदे म्हणजे होऊ दे, जाऊ दे. मग त्यांनी दारातून बाहेर पाहिलं. "गाडी आणली? चला. त्या दिवशी वायरी बदलून, मागं बसून न ऐकतां गाडी सोडली मी. कधी सोडली नव्हती."

कीर्तना त्यांना अडवायला पुढे आली, मग तिनंच त्यांच्या चपला पुढे ठेवल्या.

मी एन्नोरच्या रस्त्याला लागलो. सीडी लावली, आवाज होता नव्हता तेवढा मोठा केला. तविल असं घुमलं की काचा थरथरल्या. राव मागच्या सीटवर मधोमध बसले होते. डोळे मिटलेले, दोन्ही हात पसरून दोन बाजूंच्या दोन पेट्यांवर तळवे टेकलेले. बंदराच्या कंटेनरनी त्या रस्त्याची चाळण केली आहे. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि सीडी अडकली, दोनदा चिरकली आणि बंद पडली.

मी बटण दाबायला हात पुढे केला आणि आरशात पाहिलं. रावांच्या चेहऱ्यावर कसलाही फरक नव्हता. गाडीत फक्त इंजिनाची घरघर होती, तीच पेट्यांच्या लाकडातून त्यांच्या तळव्यांत जात असणार. त्यांची बोटं हलके ताल धरत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"दोन्हीकडे सारखं आहे, सार," ते समाधानानं म्हणाले. "बेश लागलं. खरं ना?"

खरं सांगायची माझी जन्माची खोड. त्या दिवशी मी आरशात त्यांना दिसेल अशी मान हलवली, दोनदा, जोरात. समोरचा रस्ता मला धड दिसत नव्हता. सीडी मी पुन्हा लावली नाही, आणि एन्नोरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसेपर्यंत आम्ही तसेच गेलो.