सदतीस की एक्केचाळीस

मी अजून शिकतोय. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. अशा माणसाने कामाचे अनुभव लिहावेत का, मला माहीत नाही. चुकलं तर माफ करा.

त्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवर आमचा चौथा तास चालू होता. गोरव्यात शिंदेकाकांचं वर्कशॉप आहे, तिथे मी कॉलेजनंतर लेथवर काम करतो. ध्रुवीबेन पन्नास मीटर रायफल नेमबाजी करतात. गोळी सुटताना नळी थरथरते. नळीच्या तोंडावरचं वजन पुढे-मागे केलं की थरथर बदलते, आणि एका ठरावीक जागी सगळ्या गोळ्या जवळजवळ पडतात. ती जागा शोधायची. आम्ही बनवलेल्या वजनाला आकड्यांची रिंग आहे. पाच गोळ्या झाल्या की काका भोकं बघायचे, मी रिंग थोडी फिरवायचो, पुन्हा पाच. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा पाचही भोकं एका शेंगदाण्याएवढ्या जागेत आली.

"बस, आता हेच," ध्रुवीबेन म्हणाल्या. "फक्त ही कड कव्हरला अडकते. घासून दे ने. परवा निवडीची ट्रायल आहे."

मी वजन काढून नेलं, कड घासली, पुसलं. काकांची शिस्त आहे, मायक्रोमीटर वापरून झाला की शून्यावर आणून डबीत ठेवायचा. हाताला तीच सवय. मी रिंग शून्यावर आणली, डबीत घातली आणि पोचवून आलो.

शून्यावर आणताना जुळवलेला आकडाच गेला, हे दुसऱ्या दिवशी लेक्चरमध्ये लक्षात आलं. तसाच वर्कशॉपला गेलो.

"आकडा कुठे लिहिलास?" काकांनी विचारलं.

"नाही लिहिला. तुम्हाला आठवतो?"

"मी भोकं बघत होतो. आकडे तुझ्याकडे होते." मग म्हणाले, "इंजिनिअर होणार तू. लाव फोन."

"बेन, माझ्याकडून रिंग शून्यावर गेली. सदतीस होतं किंवा एक्केचाळीस."

"भाई, मी ट्रेनमध्ये आहे. गोळ्या मोजून ट्रायलपुरत्याच आणल्यात, तपासू कशी? एक बोल."

"एक्केचाळीस."

आता मी आधी आकडा लिहितो, मग कापड हातात घेतो. एवढंच शिकलो.

ट्रायलमध्ये ध्रुवीबेन एका गुणाने राहिल्या. वारा होता, म्हणाल्या. मीही तेच धरून चाललो होतो. काल त्यांनी घरी उरलेल्या त्याच प्रकारच्या गोळ्यांवर पुन्हा तपासलं आणि काकांकडे निरोप ठेवला. सदतीस.