क्रांतिकारकाची फुंकर

मिरजेच्या ज्या हॉस्पिटलला मी माधवनगरहून चादरी पुरवतो, तिथले मोठे डॉक्टर म्हणे संगणकक्रांती करत आहेत. हे क्रांतिकारक एका बोटाने टाईप करतात आणि बटण दाबण्याआधी, गरम चहा असावा तशी, स्क्रीनवर फुंकर मारतात. पूर्वी चादरींच्या दरावरून आमची झकास भांडणं व्हायची. आता दर ऑनलाईन भरायचा. मी आवाज चढवला की ते शांतपणे म्हणतात, "शेठ, सिस्टीम घेत नाही." स्क्रीनशी घासाघीस कशी करायची, ते मात्र कुणी शिकवत नाही.

परवा नोंदणीच्या खिडकीवर कवठे महांकाळकडचा एक म्हातारा मेंढपाळ छाती धरून उभा होता. मोबाईल नंबराशिवाय नोंद पुढे सरकेना.

"फोन न्हाई गं बाई माझ्यापाशी," तो म्हणत होता.

डॉक्टर आले. आता यालाही तेच ऐकवणार, म्हणून मी सरसावून बसलो. त्यांनी फुंकर मारली आणि स्वतःचा नंबर टाकला. "आबा, चला आत."

"सर, परत तुमचाच?" खिडकीतली मुलगी हसली. "काल भर मीटिंगमध्ये तुम्हाला बाळंतपणाच्या तपासणीचा मेसेज आला."

"मग काय, निरोप पोचवला की तिला."

मी उखडलो. "त्याच्यासाठी सिस्टीम वाकती, आन् माझ्यासाठी न्हाई व्हय?"

"शेठ, तुमच्याकडं फोन आहे."

बाहेर येऊन मी मोबाईलवर दर भरला. एक पैसाही उतरवला नाही. बटण दाबण्याआधी फुंकर मात्र मारली गेली.