हार्ड डिस्कची जोडी

आधीच सांगतो, हसायचं नाही हं. तीस वर्षं ट्रकच्या धंद्यात काढलेला माणूस मी, आणि माती खाल्ली ती घरातल्या एका डब्यापाशी!

हा डबा म्हणजे वायफायला जोडलेलं घरचं गोदामच. आत दोन हार्ड डिस्क, दोन्हीत तोच माल. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. माझ्या लेकीनं, प्राचीनं, पुण्याहून आणून बसवलेला. त्यात फोटो-व्हिडिओ तर होतेच, पण खरी दौलत म्हणजे हिराकाकीचे धवले. काकी आमची धवलारीण. पेणपासून चौलपर्यंत आगऱ्यांच्या कितीतरी लग्नांत हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी तिनंच गायलीत. लिहिलेलं कुठेच नाही. चार वर्षं मागे लागून मी ती रेकॉर्ड केली होती.

डबा भरला. प्राचीनं दोन मोठ्या डिस्क पाठवल्या आणि फोनवर बजावलं, "पप्पा, एका वेळी एकच बदला. नवीवर सगळं उतरलं की मगच दुसरी."

आता सांगा, ट्रकच्या मागचे जोडटायर कोणी एकेक बदलतं का? एक नवा, एक जुना घातला की सगळा भार नव्यावर. जोडी बदलायची ती एकदमच! पोरीला काय कळतंय, म्हटलं.

दोन्ही जुन्या काढल्या, दोन्ही नव्या सरकवल्या. स्क्रीनवर डब्यानं काहीबाही विचारलं, मी सगळ्याला हो म्हटलं. आणि काय सांगू, ही भलीमोठी मोकळी जागा! खुशीत धवले लावायला गेलो, तर एकही नाही. सगळा डबा रिकामा.

प्राचीला सांगायची हिंमत होईना. तसाच सकाळी सकाळी काकीकडे गेलो.

"काकी, तुजी सगली गानी मी घालवली."

काकी ओटीवर वाल सोलत बसली होती. मला वाटलं, आता शिव्या बसणार. ती एवढंच म्हणाली, "मोबाइल चालू कर," आणि गायला लागली.

हळद झाली, मांडव झाला, वरात आली. दुपार कलली. कागद नाही, अडखळणं नाही, हात वालावर चालूच. मी कधी न ऐकलेली गाणीसुद्धा निघाली. माझ्या अंगावर काटा आला. पंच्याहत्तरीच्या बाईत एवढं मावतं तरी कसं? मी तिथंच बसून पोरासारखा रडलो.

शेवटी पाणी पिऊन तिनं विचारलं, "जुन्या डिसका टाकल्यास काय रं?"

"न्हाय, घरी टेबलावर हाईत."

"त्यातला माल कुनी उतरवला?"

मी वालाची एक शेंग उचलून सोलायला लागलो.

"कुनीच न्हाय ना? मंग गानी तितंच हाईत. डिसका घरी हाईत ह्ये सकालीच बोलला असतास तर मी जेवले तरी असते."

म्हणजे बघा, भरलेला ट्रक घरी उभा करून, रिकाम्या ट्रकात माल नाही म्हणून मी दिवसभर रडत बसलो होतो!