काकूंचं 'पुरे'

मराठी माणसाच्या 'पुरे'वर विश्वास ठेवणारी बाई साऱ्या सिंगापुरात एकच आहे, आणि ती म्हणजे आमच्या क्लेमेंटीच्या ब्लॉकमधल्या, वरच्या मजल्यावरच्या काकू. एरवी आपल्याकडे 'पुरे' म्हणजे आणखी दोन जिलब्या वाढा, हे लहान पोरालाही कळतं. काकूंकडे मात्र रीतीप्रमाणे 'पुरे, पुरे' म्हटलं, की त्या खरोखरच भांडं उचलून आत नेतात. मी एकदा अर्धपोटी घरी येऊन गुपचूप दही-पोहे खाल्ले आहेत.

रविवारी सकाळी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकवर, त्या आहाराचा वर्ग घेतात. पुण्या-मुंबईची आयटीवाली कुटुंबं येतात, शिवाय विद्यापीठात नोकरीला आलेलं एक मेक्सिकन कुटुंबही येतं. त्यांच्याकडेही नको म्हटलं, की आई ताटात आणखी एक टॉर्टिया, म्हणजे त्यांची मक्याची पोळी, टाकते म्हणे. भात किती, भाजी किती, हे काकू झटपट उरकतात. खरा धडा पुढे असतो: एकाने वाढायचं, दुसऱ्याने 'पुरे' म्हणायचं आणि वाढणाऱ्याने तिथेच थांबायचं. भले भले नापास होतात. माझ्या हातून तर दर वेळी एक डाव जास्त पडतोच. "आई, पुरे मीन्स स्टॉप, लाह!" माझी लेक सगळ्यांदेखत इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडते. मेक्सिकन बाईंना मराठीतला हा एकच शब्द येतो, पण तो त्या आमच्याहून खणखणीत म्हणतात.

हे वेड आलं कुठून, ते काकांनीच मला सांगितलं. "मी पुरे म्हणायचो आणि हिला वाटायचं, उगाच मन मारतोय. मग वाढायची आणखी. तिची एकटीची चूक नाही हो, मीही खायचो की!" मधुमेहाने त्यांची मूत्रपिंडं गेली, आता डायलिसिसवर दिवस काढताहेत. काका हसत सांगत होते आणि काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

हल्ली काकांची भूकच मेली आहे. परवा मी गेले तेव्हा ते मऊ भात घेऊन बसले होते. एक घास खाल्ला आणि म्हणाले, "पुरे."

काकूंचा भाताचा चमचा वर आलेला होता. आणखी दोन घास पोटात जावेत म्हणून त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं. पण त्यांनी चमचा परत भांड्यात ठेवला. "बरं," एवढंच म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ताट पुढे सरकवून हळूच म्हणाले, "अगं, एकदा आग्रह कर की."

काकूंनी अर्धा चमचा भात वाढला, आणि काकांनी तो खाल्ला.