कपबशीची मिरवणूक नदीवर गेली

आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला त्या दिवशी आमचे हे जेवले नाहीत. नगरपालिकेला उभं राहायचं म्हणून त्यांनी वर्षभर पेणच्या बाजारात दिसेल त्याला नमस्कार घातले होते. ते सगळे फुकट गेले. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "आता तूच उभी राहा." जाऊबाई आल्यात की काय म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे फक्त वाळत ठेवलेले गणपती होते.

आमच्या घरात गणपती करतात. मूर्ती घासून गुळगुळीत करायचं काम माझं. त्या कामात बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, रोह्याकडच्या खेड्यात. शाळेतही उत्तर येत असून मी पाटीकडे बघत बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "रोह्याची माणसं बोलकी म्हणून हिला करून आणली, तर ही मुकी निघाली."

तरी मी नाही म्हणाले नाही. त्याला कारण गटार. आमच्या दारावरून उघडं गटार जातं. श्रावणात घर शाडूच्या कच्च्या मूर्तींनी भरलेलं असायचं आणि नेमकं तेव्हाच ते तुंबून आत यायचं. खालच्या रांगेतले गणपती बसल्या जागी विरघळायचे. वर्षाची कमाई अशी चिखल होताना बघून सासूबाई त्या चिखलालाच हात जोडायच्या. निवडून आले तर गटार बांधून घ्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. पण पत्रक ह्यांनी छापलं. त्यात पहिलं काम होतं वॉर्डाच्या तोंडाशी भव्य स्वागत कमान. गटाराचा उल्लेखच नाही. ते वाचून मी पत्रक घडी करून डब्याखाली ठेवलं आणि भात टाकला.

चिन्ह मिळालं कपबशी. दुसरं कोणी असतं तर कागदावर छापून मोकळं झालं असतं. ह्यांनी आणि चुलतदिरांनी प्लास्टरची कपबशी केली, आत माणूस उकिडवा बसेल एवढी मोठी. हात गणपती करणारे. त्यामुळे बशीला आसनासारखी झालर आली, कपाला सोनेरी काठ आला आणि कपाच्या पोटाला गणपतीच्या पोटाचा गुलाबी रंग.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी कपबशी हातगाडीवर चढवली. सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि घरातून मूर्ती निघताना करतात तसं कपाचं तोंड नव्या रुमालाने झाकलं. ह्यांनी रुमाल काढला. सासूबाईंनी परत घातला. "उघड्या तोंडाने नेतात काय रे?"

"आये, चिन्ह लोकांना दिसाया नको काय?"

"घरी गेल्यावर बघतील."

रुमाल राहिला.

आम्हाला जायचं होतं मिठागरात काम करणाऱ्यांच्या आळीत. तिथली मतं कुणाकडे झुकणार ते ठरलेलं नव्हतं आणि तिथे मी अजून एकदाही गेले नव्हते. पुढे हमरापूरची बेंजो पार्टी, मागे गाडी, गाडीमागे मी. नाक्यावरून उजवीकडे ती आळी, डावीकडे नदीचा उतार. बेंजो नेहमीच्या सवयीने डावीकडे वळला. गाडीही वळली. मीही वळले. दुकानदारांनी हात जोडले, पोलिसाने आमच्यासाठी एस.टी. थांबवली. मला वाटलं, पुरुषांनी काहीतरी ठरवलं असेल. पुरुषांना वाटलं, ह्यांनी ठरवलं असेल. हे स्वतः लेझीम खेळत होते.

नदीवर पोचल्यावर गाडी ढकलणाऱ्या दोघांनी चपला काढल्या, पँटी वर केल्या, कपबशी उचलली आणि गुडघाभर पाण्यात गेले. "मोरया!" असा गजर झाला, तेव्हा ह्यांना जाग आली.

"अरे, बुडवता काय! परवा मतदान हाय!"

"मंग इकडं कशाला आणली?" पाण्यातून एकजण ओरडला.

"तूच वळवलीस ना?"

"मी कुठं? बेंजो वळला!"

ओढाताणीत कपाचा कान तुटून नदीत गेला. पलीकडच्या दगडांवर बायका कपडे धूत होत्या, त्या हसून हसून खाली बसल्या. त्या त्याच आळीतल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "वैनी, तुजी कपबशी बुडली गो! आता शिक्का कशावर मारू?"

पुरुष सगळे पाण्यात होते. काठावर मी एकटी. मी पदर खोचला आणि दगडांवरून त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "शिक्का कुठंही मारा, पण तुमाला काय पायजे ते सांगा."

"कमान नको," म्हातारी म्हणाली. "कमानीवर काय गोधड्या वाळत घालू?"

"मलाबी नको," मी म्हणाले.

"मंग पत्रकात कुणी घातली?"

मी पाण्याकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. कान नसलेला कप पोटाशी धरून हे उभे होते. बायका परत हसल्या, आणि मग मात्र सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आमचं गटार त्यांच्याच आळीतून खाली जातं आणि तिथं ते आमच्यापेक्षा वाईट तुंबतं. पोरांना खाटेवर बसवून जेवायला वाढावं लागतं, म्हणाल्या.

"गटार बांधून घेऊ," मी म्हणाले. "खालून सुरू करू, तुमच्या दारापासनं."

एवढं मोठ्याने मी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असेन. ह्यांनी ते ऐकलं, कारण संध्याकाळी माईकवरून कमान गेली आणि गटार आलं. 

थोड्या मतांनी का होईना, मी निवडून आले. नगरपालिकेच्या सभेत पुरुष आपापल्या वॉर्डाच्या कमानीवर भांडत होते. मी उठून "गटार" म्हणाले आणि बसले. प्रत्येक सभेत तेवढंच केलं. शेवटी कंटाळून त्यांनी मंजूर केलं. काम खालच्या आळीपासून सुरू झालं आणि आमच्या वळणापर्यंत येतं न येतं तोच श्रावण लागला. पाणी आमच्या घरात शिरलंच.

सासूबाई लुगडं खोचून गणपती खाटेवर चढवत ओरडत होत्या, "नगरसेविका बाई, तुमच्या वॉर्डात पाणी भरलंय! अर्ज करा!"

तेवढ्यात खालच्या आळीतल्या बायका आल्या. त्यांची घरं कोरडी होती, म्हणून त्यांना सवड होती. दारापासून खाटेपर्यंत त्यांनी रांग धरली आणि मूर्ती हातोहात वर गेल्या. नदीवरची ती म्हातारी माझ्यापुढे थांबली.

"वैनी, आमच्या कोपऱ्यावर दिव्याचा खांब कवा लावतेस?"

तिच्या दोन्ही हातांत आमचा सगळ्यात मोठा गणपती होता, अजून ओला. मी पटकन व्हय म्हणाले.