वेणू जाऊबाईंची कैची

पिंपळगाव राजाहून प्रकाशचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून लोणच्याची फोड चोखत होते. डॉक्टरांनी मीठ बंद केल्यापासून आमच्याकडे लोणचं मला चोरूनच खावं लागतं. "काकू, आई गेली... सकाळी चहा मागितला, अन् मी घेऊन येतो तं..." पुढे त्याला बोलता येईना. तोंडात फोड होती म्हणून मलाही बोलता येईना. नव्वदीला टेकलेल्या माझ्या थोरल्या जावेची, वेणू जाऊबाईंची, जाण्याची बातमी मी अशी आंबट तोंडाने ऐकली. त्यांना हे कळलं असतं तर त्या पोट धरधरून हसल्या असत्या. या गोष्टीला आता दीड महिना होईल. रडून झालं, तेरवी झाली, सगळे आपापल्या गावी गेले. आता मला त्यांच्याबद्दल नीट काहीतरी सांगायचं आहे, आणि ते सांगायचं तर आधी माझीच फजिती सांगावी लागते. त्याला इलाज नाही.

मी लग्न होऊन पिंपळगाव राजाला आले तेव्हा महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. माझं माहेर बुलढाण्याचं. वडील कोर्टात कारकून, मी मॅट्रिक पास, वर कॉलेजचं एक वर्ष, आणि एन.सी.सी.मध्ये खरीखुरी रायफल हाताळलेली. हे सगळं मी पहिल्या आठवड्यातच घरातल्या प्रत्येकाला सांगून टाकलं होतं. गोठ्यातल्या म्हशीलाही सांगितलं असणार. घरात सगळे 'मले-तुले' बोलायचे, माहेरीही तेच, पण मी मात्र रेडिओवरच्या बाईसारखी 'मला-तुला' करत फिरायची. विशीतली ती कुमुद आज समोर आली, तर मी तिला एका जागी बसवून आधी गव्हातले खडे निवडायला लावीन.

जाऊबाई सोनाळ्याच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या. शाळा दोन यत्ता. लग्नानंतर काही वर्षांनी कापसाच्या भरल्या गाडीवरून त्या पडल्या, डावं मनगट मोडलं, आणि हाडवैदानं ते वाकडंच बसवलं. हात राहिला, पण त्यातला जोर गेला. तो हात त्या कायम पदराखाली ठेवायच्या. आमच्या सासूबाई (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो) दुष्ट असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण त्या मायाळू. जाऊबाईंनी घागरीला हात लावला की "राहू दे वेणू, तुह्याच्यानं नाही होत." परातीला हात लावला की "राहू दे, धाकली करन." असं करत करत अठ्ठावीस वर्षांच्या त्या धडधाकट बाईच्या हातातलं एकेक काम निघून गेलं. आणि ते सगळं माझ्या अंगावर आलं, म्हणून मीही कुरकुरत होते. त्यांचं काय होत असेल, हा विचार माझ्या शिकलेल्या डोक्यात एकदाही आला नाही.

चीनच्या लढाईनंतरचे दिवस होते. बुलढाण्याला बायांसाठी दहा दिवसांचं नेमबाजीचं शिबिर निघालं. माझं नाव माझ्या वडिलांनीच दिलं. सासूबाईंनी अट घातली की नवी सून एकटी जाणार नाही, थोरली सोबत जाईल. म्हणजे जाऊबाई बुलढाण्याला गेल्या त्या माझ्यावर लक्ष ठेवायला! माझ्या माहेरी मुक्काम, आणि रोज सकाळी गावाबाहेरच्या टेकडीखाली, जिथे उतार खणून मैदान केलं होतं, तिथे हजेरी. शिकवणारे फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. पुरुष पालथे पडून नेम धरायचे, पण बायांनी चारचौघांत पालथं पडायचं म्हणजे काय... म्हणून आमच्यासाठी मांडी घालून बसायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी सुभेदारांची नजर कडेला बसलेल्या जाऊबाईंकडे गेली. "तुम्ही का बसलात? या." जाऊबाई आल्या. रायफल खांद्याला लावली, पण डाव्या हाताला नळीचा भार पेलेना, नळीचं तोंड हळूहळू जमिनीकडे झुकत गेलं. सुभेदार अगदी सौम्यपणे म्हणाले, "राहू द्या बाई."

त्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर त्या मला म्हणाल्या, "कुमुद, घरी आत्याबाई म्हनते, ते मी आयकून घेते. पन ह्या मानसानं मले कधी पाह्यलंबी नाही, अन् तोयी तेच म्हनते! आता मले परीक्षेले बसाचंच हाय."

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. पाच गोळ्या, त्यातल्या चार काळ्या वर्तुळात पाहिजेत. पास होणाऱ्या बायांना पुढे दर रविवारी सरावाला बोलावणार होते. जाऊबाईंना तो रविवार हवा होता, आणि त्याहून जास्त म्हणजे एक तरी असं काम, ज्यातून त्यांना कोणी उठवणार नाही.

सुभेदार माणूस चांगला होता. "हात पेलत नसेल तर भार जमिनीवर द्या," ते म्हणाले, "नळीखाली टेकण चालेल. ज्यांना पाहिजे त्यांनी आपापली घोडी आणा." त्यांच्याकडची फौजेची दोन पायांची लोखंडी घोडी होती वीतभर उंचीची, तिच्यासाठी पालथंच पडावं लागलं असतं. म्हणून शोध सुरू झाला. मला टेकणाची काही गरज नव्हती, पण जाऊबाईंना मिळणार म्हणजे मलाही पाहिजेच. मी यजमानांना चिठ्ठी धाडली, "एक चांगली घोडी बघून पाठवा." सासरे म्हणे दोन दिवस चिंतेत होते, सून आता घोड्यावर बसते की काय! यजमानांनी खामगावच्या बंदुकीच्या दुकानातून जी आणली ती मात्र देखणी होती. चकाकती, स्क्रूने नळीला आवळायची, पाय उंच होणारे. मी ती राखेनं घासून आणखी चकचकीत केली. नेमबाजीच्या सामानाला चकाकीचा काय उपयोग, हे मला कोणी विचारलं नाही.

इकडे जाऊबाई म्हणाल्या, "मले एक कैची पाह्यजे." मी माझ्या आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री आणून दिली. त्यांनी कात्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "अवं, मांडवाले लावतेत ते कैची! दोन लाकडं, आडवीतिडवी!" मग दोन दिवस माझ्या माहेरच्या परसात त्यांची निवड चालली. तुरीची तुऱ्हाटी हलकी, पण वाकते. बांबू धरला, तर "हा उड्या मारते वं, गोळी सुटन तवा हाबी उडन." बाभळीची काठी उचलता उचलेना. शेवटी निंबाच्या दोन काठ्या पसंत पडल्या. आणि उंची कशी ठरवली? मांडी घालून बसायच्या, डोळे मिटून दांडकं खांद्याला लावायच्या, मग डोळा उघडायच्या. नजर वर-खाली करावी लागली की काठ्यांची फुली बोटभर सरकवायची, पुन्हा डोळे मिटायचे. असं किती वेळा केलं असेल! फुलीवर सुतळी बांधली ती उजव्या हातानं आणि दातांनी. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाल्या, "तू तुही घोडी घास." अधू डावा हात त्यांनी रायफलीच्या दस्त्याखाली, खांद्याजवळ ठेवला. तिथे त्याला काही पेलायचंच नव्हतं, नुसतं असायचं होतं.

परीक्षेच्या दिवशी यजमान आले होते. ते मागे उभे आहेत हे माझ्या पाठीलाही दिसत होतं. माझ्या डावीकडे जाऊबाई. समोर आमच्या दोघींच्या नेमाच्या पाट्या शेजारी शेजारी. माझ्या तीन गोळ्या सुटल्या आणि त्या उतारावरच्या टणक मुरमावर माझ्या देखण्या घोडीचा एक पाय घसरला. दोन्ही पाय सारखे, जमीन मात्र सारखी नाही! मी घाईनं सावरलं, डोळा लावला, समोर काळं वर्तुळ दिसलं, झाडली. आणखी एक झाडली. ते वर्तुळ जाऊबाईंच्या पाटीवरचं होतं...

पाट्या आणल्या. माझ्या पाटीवर तीन भोकं, तिन्ही विखुरलेली. जाऊबाईंच्या पाटीवर सात. त्यातली पाच मोठ्या कुंकवाएवढ्या जागेत एकमेकींना चिकटून, आणि दोन खाली कोपऱ्यात. सुभेदारांनी दोन्ही पाट्या निरखल्या आणि निकाल दिला, "या मुलीनं चुकून शेजारच्या पाटीवर नेम धरलेला दिसतो. मधल्या पाच हिच्या. एन.सी.सी.ची आहे ना! बाईंच्या तीन हिच्या पाटीवर गेल्या, दोन खाली कोपऱ्यात." मागून यजमानांनी टाळी वाजवली. आणि मी गप्प राहिले. घाबरून म्हणा, लाजून म्हणा... खरं सांगते, मला ते आवडलं. खोटं बोलावंच लागत नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं.

जाऊबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग डावा हात पदराखाली घेतला आणि हळूच म्हणाल्या, "राहू द्या साहेब. पोरगी शिकेल हाय. तिच्याच असतीन."

तो 'राहू द्या' शब्द मी त्यांच्याच तोंडून ऐकला. इतके दिवस तो दुसऱ्यांनी त्यांना ऐकवला होता, आज त्या स्वतःच स्वतःला ऐकवत होत्या. मी ओरडले, "त्या पाच मह्या नाहीत साहेब! जाऊबाईच्या हायेत! त्या कोपऱ्यातल्या दोन मह्या, अन् ह्या तीनबी मह्याच!" माझी रेडिओवरची मराठी कुठल्या कुठे पळाली. सगळं मैदान हसलं. यजमानांनी मान खाली घातली.

सुभेदारांचा विश्वास बसला नाही, ना माझ्यावर ना जाऊबाईंवर. त्यांनी जाऊबाईंसमोर कोरी पाटी लावायला सांगितली. जाऊबाई पुन्हा बसल्या. कैचीचा उताराच्या बाजूचा पाय दोन बोटं खाली सरकवला, दोन्ही पायांखाली गोणपाटाची घडी घातली, अंग किंचित पुढे रेलून कैचीवर भार दिला. पाच गोळ्या. सुभेदार स्वतः चालत पाटीपर्यंत गेले, चष्मा लावला, आणि तिथूनच ओरडले, "ही घोडी निवडून दिली कोणी?"

"कोनी नाही साहेब," जाऊबाई म्हणाल्या, "मह्या मांडीच्या मापानं मीच बांधली."

त्या पास झाल्या, मी नापास. घाट उतरताना एस.टी.त त्यांनी मला खिडकीची जागा दिली. मी तोंड फुगवून बाहेर बघत बसले होते. बऱ्याच वेळानं कोपर मारून म्हणाल्या, "रेडिओ बंद पडला का वं?" त्या दिवसापासून आमची जी मैत्री झाली ती साठ वर्षं टिकली. आणि 'मला-तुला' मी फक्त असं लिहिताना वापरते.

दर रविवारी जाऊबाई बुलढाण्याची गाडी पकडू लागल्या. पुढच्या वर्षी गावातल्या दोघी बरोबर जायला लागल्या, मग पाच जणी. एकदा घरातली बाज सैल झाली, मी दोरी ओढायला पुढे झाले, तर सासूबाईंनी मला बाजूला केलं. "तू हो तिकडं. वेणू, तूच ओढ माय, तुही गाठ सुटत नाही." जाऊबाईंनी पदर खोचला. त्या दिवशी दोन्ही हात बाहेर होते, वाकडा आणि सरळ. नंतर ते बाहेरच राहिले.

तेरवीनंतर प्रकाशनं माळ्यावरून ती कैची काढून माझ्यापुढे ठेवली. काठ्या काळ्या पडल्या आहेत, पण वरची दोरी नायलॉनची, हिरवी, जवळजवळ नवी. "दर दिवाळीच्या साफसफाईत आई जुनी दोरी काढे अन् नवी बांधे," तो म्हणाला. "मी म्हणो, आई, आन इकडे, मी बांधतो. तं मले हात लावू दे नाही." म्हणजे गेल्या दिवाळीतलीसुद्धा ही गाठ त्यांचीच. दात दोनच उरले होते, त्यांनीच ओढली असणार.

कैची मी घरी आणली आहे. वर्षभरापासून माझा उजवा हात लिहिताना थरथरतो. नातसून म्हणाली, आजी, तुम्ही सांगा, मी टाइप करते. मी नको म्हटलं. चौरंगावर कागद ठेवला, शेजारी कैची उभी केली आणि तिच्या फुलीत मनगट टेकवलं. जाऊबाई माझ्याहून उंच, म्हणून सुरुवातीला हात अवघडत होता. गाठ सोडून फुली खाली घ्यावी म्हटलं, तर काही केल्या ती सुटेना. मग वैतागून मी काठ्याच जरा दाबल्या. गाठ जागची न सुटता दोन बोटं खाली सरकली आणि माझ्या मापाला बसली.