कांडीएवढं तोंड

लूम सुरू झाले की कारखान्यात कुणाचाच आवाज ऐकू येत नाही. भिवंडीचा कारागीर समोरच्याचे ओठ वाचतो. माझी बायको आमच्याच शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे निमुळत्या लाकडी दांड्यांवर सूत चढवायची. पण तिचे ओठ कुणाला वाचता यायचे नाहीत. लहानपणी कान फुटला, त्यातून जबड्याचा सांधा धरला आणि तोंड मिटतच गेलं. भाकरी आमटीत कुस्करून दातांच्या फटीतून आत सारायची. काही सांगायचं तर माझी बाही ओढायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "कानापुढे चीर देऊन सांधा मोकळा करू. जवळून चेहऱ्याची नस जाते, तेवढी जोखीम." आता म्हणे बारीक भोकातून दुर्बीण घालून हा सांधा बघतात. आमच्या वाट्याला चीरच होती.

"सुट्टी मिळणार नाही," मी म्हणालो. खोटं होतं ते. चेहरा वाकडा झाला तर लोक काय म्हणतील, एवढीच माझी भीती. आजवर कुणाला बोललो नाही. तिला मात्र तेव्हाच कळलं. मिटल्या दातांतून म्हणाली, "चेहरा माझा हाय. तुम्हाला बघवला न्हाय तर नका बघू. डॉक्टर, करा तुम्ही."

ऑपरेशन झालं. सांधा पुन्हा धरू नये म्हणून रोज पाचर घालून तोंड ताणायचं होतं. पाचर बघून तिने तशीच निमुळती, कोरी कांडीच मागितली. मी ती उकळायचो, बारीक टोक तिच्या दातांत धरून आत सरकवायचो. तिचे डोळे भरले की माझा हात थांबायचा.

"ढकला की! लूमवर बरा जोर येतो!"

ढकलायचो. हळूहळू कांडीची जाड बाजूही आत जाऊ लागली.

एका दुपारी ती शेडच्या दारात आली. मधे धडधडणाऱ्या लूमच्या रांगा. तिने बाही ओढली नाही. तिथूनच तोंड भरून उघडलं आणि ओठांनी सांगितलं, "मटण केलंय. नळी माझी!"

शेजारच्या लूमवरच्या चाचांनी माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं, "सुना क्या? नळी भाभी की!"

माझ्या लूमवर धागे तुटत होते. तुटू दिले. हसताना तिची चिरेच्या बाजूची, उजवी भुवई वर गेली नाही. आजही जात नाही. घरी गेल्यावर मीच नळी तिच्या ताटात वाढली. तिने ती तोंडात धरून आतला मगज असा सुर्रकन ओढला, की शेजारीण दारातून डोकावली.